निळ्या उजेडाचा हिशेब

२०१४ सालचा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडी दिव्याच्या शोधासाठी मिळाला. आपल्याकडे त्याची बातमी आली आणि गेली. आज वाडी-वस्तीपासून मंत्रालयापर्यंत जो पांढरा उजेड पडतो, मोबाईलचा जो पडदा उजळतो, तो या शोधातून आलेला आहे. तरीही तो कोणी केला, कसा केला, त्यासाठी कोणी हात भाजून घेतले आणि पैसा कोणाच्या खिशात गेला, याची चर्चा आमच्या व्यासपीठांवर होत नाही. विज्ञान म्हटले की आम्ही बुवाबाजीवर बोलतो. त्यावर बोललेच पाहिजे. पण कष्टकऱ्यांच्या चळवळीला विज्ञानाकडे आणखी एका बाजूने पाहता आले पाहिजे. विज्ञान हेही श्रमाचे क्षेत्र आहे. तिथेही मालक आहे, मजूर आहे, श्रेयाची चोरी आहे आणि प्रवेशबंदी आहे.

रंग निळा आहे म्हणून आम्ही हा विषय घेतला, असे कोणी म्हणेल. म्हणोत! निळ्याशी आमचे नाते जुने आहे. पण या निळ्याची गोष्ट जपानमधली आहे आणि ती तिथल्याच मातीत ठेवून सांगायची आहे.

आधी दिव्याचे काम समजून घेऊ. जुन्या बल्बमध्ये तार तापवून लाल-पांढरी केली की उजेड मिळे. बहुतेक वीज उष्णतेतच वाया जाई. एलईडीमध्ये तार नाही. तिथे अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त असतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त असतात. वीज सोडली की इलेक्ट्रॉन सीमेपाशी येऊन रिकाम्या जागेत पडतो आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती प्रकाश होऊन बाहेर येते. लहान मूल ओट्यावरून उडी मारते तसे. ओटा बुटका असेल तर ऊर्जा कमी, प्रकाश लाल. ओटा उंच असेल तर ऊर्जा जास्त, प्रकाश निळा. त्याहून उंच असेल तर डोळ्याला न दिसणारा अतिनील. ओट्याची ही उंची पदार्थावर ठरते, ती इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. सिलिकॉनची १.१ आहे, गॅलियम नायट्राइडची ३.४ आणि ॲल्युमिनियम नायट्राइडची ६ च्या आसपास. म्हणजे हवा तो रंग हवा असेल तर नुसते विजेचे कौशल्य पुरत नाही, योग्य पदार्थ सापडावा लागतो, आणि सापडलेला पदार्थ शुद्ध, अखंड स्फटिकाच्या रूपात वाढवता यावा लागतो. सगळे घोडे इथेच पेंड खात होते.

पदार्थातून असा थंड उजेड निघतो हे १९०७ सालीच हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याने नोंदवले होते. धार लावण्याच्या दगडात जे कार्बोरंडम वापरतात, त्या सिलिकॉन कार्बाइडच्या खड्याला वीज लावली तर तो पिवळसर चमकला. पुढे रशियात ओलेग लोसेव नावाच्या तरुणाने १९२० च्या दशकात हीच गोष्ट नीट तपासली, त्यावर एकामागून एक लेख लिहिले, पेटंटही घेतले. त्याचे विद्यापीठाचे शिक्षण पुरे झाले नव्हते. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मेला. वय अडतीस. त्याच्या कामाचे मोल जगाला कळायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली.

१९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा लाल एलईडी केला. हे होलोन्याक खाणकामगाराचे पोर. आईबाप पूर्व युरोपातून पोट भरायला आलेले, घराण्यात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. तरुणपणी रेल्वेत अंगमेहनतीचे काम करून ते शिकले आणि ट्रान्झिस्टरचे एक जनक जॉन बार्डीन यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी झाले. २०१४ साली नोबेल समितीने निळ्याला बक्षीस दिले, लाल करणारा मात्र बाहेरच राहिला. होलोन्याक यांनी आपली नाराजी उघड बोलून दाखवली आणि आम्हाला ती रास्त वाटते. २०२२ साली ते वारले.

लाल झाला, मग हिरवाही झाला. निळा तीस वर्षे कोणाला नीट जमला नाही. आणि निळ्याशिवाय पांढरा नाही, पांढऱ्याशिवाय घरातला दिवा नाही. गॅलियम नायट्राइड हा पदार्थ कामाचा आहे हे ठाऊक होते. आरसीए या अमेरिकन कंपनीत हर्बर्ट मारुस्का यांनी १९६९ साली त्याचा एकसंध थर वाढवूनही दाखवला होता, त्यातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिणमिणता निळा-जांभळा उजेडही निघाला. पण नफा दिसेना, तेव्हा कंपनीने काम गुंडाळले.

अडचणी दोन होत्या. पहिली, थर वाढवायचा कशावर? गॅलियम नायट्राइडचा स्वतःचा मोठा स्फटिक मिळत नव्हता म्हणून नीलमाच्या चकतीवर तो वाढवावा लागे. दोघांच्या अणूंच्या रांगांमध्ये सुमारे १६ टक्क्यांचा फरक. सहा इंची विटांच्या जोत्यावर पाच इंची विटांची भिंत रचायला घ्या, सांधा कुठेच जुळणार नाही, भिंतीला तडे जाणारच. दुसरी अडचण रिकाम्या जागांचा थर करण्याची. त्यासाठी मॅग्नेशियम मिसळावे लागते. ते मिसळले जाई, पण काम करीत नसे. म्हणून जगातल्या बहुतेक संशोधकांनी गॅलियम नायट्राइडचा नाद सोडला आणि ते झिंक सेलेनाइडकडे वळले. त्याचा सांधा जुळत होता. परिषदांमध्ये झिंक सेलेनाइडच्या दालनात गर्दी आणि गॅलियम नायट्राइडच्या दालनात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, असा तो काळ.

त्या मोजक्या माणसांत आकासाकी होते. १९७० च्या दशकात त्यांनी मात्सुशिताच्या संशोधन संस्थेत हे काम धरले आणि १९८१ साली नागोया विद्यापीठात येऊनही सोडले नाही. अमानो हा त्यांचा विद्यार्थी, १९८२ साली पदवीच्या वर्गात असतानाच त्यांच्याकडे आलेला. या पोराने हाताने जुळवलेल्या भट्टीवर दीड हजारांहून अधिक वेळा थर वाढवून पाहिले आणि बिघडलेले थर फेकले. शेवटी मार्ग सापडला तो असा की, नीलमावर आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा अगदी पातळ, ओबडधोबड थर द्यायचा आणि मग तापमान हजार अंशांवर नेऊन त्याच्यावर गॅलियम नायट्राइड वाढवायचे. मधला थर गादीसारखे काम करतो, तडे सोसून घेतो. त्या दिवशी भट्टी बिघडलेली होती, हवे तेवढे तापमान चढत नव्हते, असे अमानो यांनीच पुढे सांगितले आहे. १९८६ साली हे काम प्रसिद्ध झाले. १९८९ साली त्यांनी दुसरी अडचणही सोडवली. मॅग्नेशियम घातलेल्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवला तर तो थर कामाला लागतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले.

असे का होते, याचा उलगडा तिसऱ्या माणसाने केला. शुजी नाकामुरा. हा माणूस टोकियोचा नाही, क्योतोचा नाही. शिकोकू बेटावरच्या खेड्यात १९५४ साली जन्मलेला, तोकुशिमा या प्रादेशिक विद्यापीठात शिकलेला, १९७९ साली निचिया या आडगावच्या कंपनीत नोकरीला लागलेला. निचिया तेव्हा ट्यूबलाइटच्या आत लावायची चकाकणारी पूड बनवीत असे. तिथे दहा वर्षे नाकामुरांनी मालकाने सांगितले ते स्फटिक बनवले. पैसे नसत, म्हणून काचेच्या नळ्या स्वतःच वितळवून जोडायच्या, भट्ट्या स्वतःच बांधायच्या. नळ्या फुटत, आग लागे. माल तयार होई, पण बाजारात मोठ्या कंपन्या आधीच बसलेल्या, त्यामुळे तो खपत नसे. १९८८ साली ते थेट कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांच्यासमोर गेले आणि निळ्या एलईडीसाठी पैसे मागितले. म्हाताऱ्याने दिले. नवे तंत्र शिकायला नाकामुरा वर्षभर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात गेले. तिथे पीएच.डी.वाले आपल्याला नुसता तंत्रज्ञ समजत, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. कारण त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. पदवीची ही शिवाशिव फक्त भारतातच नाही हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

परत आल्यावर नाकामुरांनी आपली भट्टी बदलायला घेतली. सकाळी यंत्र खोलायचे, नळी कापायची, जोडायची, दुपारी थर वाढवायचा, संध्याकाळी तपासायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. असे महिनोन्‌महिने. वायूचा एक झोत आडवा आणि दुसरा वरून खाली दाबणारा, अशी रचना त्यांनी केली आणि १९९० च्या सुमारास त्यांचा थर जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा सरस येऊ लागला. मग मॅग्नेशियमचे कोडे. नायट्रोजनसाठी भट्टीत अमोनिया सोडतात. अमोनियातून हायड्रोजन सुटतो, मॅग्नेशियमच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्याला काम करू देत नाही. (सरकारी कचेऱ्यांत असे हायड्रोजन आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.) नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, थर नायट्रोजनमध्ये नुसता तापवला तरी हायड्रोजन निघून जातो. इलेक्ट्रॉनच्या झोताची गरज नाही. ही गोष्ट कारखान्यात करता येण्यासारखी होती. मध्यंतरी कंपनीची सूत्रे संस्थापकाच्या जावयाकडे गेली होती आणि काम थांबवण्याचे फर्मान निघाले होते. नाकामुरांनी ते बाजूला ठेवले. १९९३ च्या अखेरीस निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. १९९६ साली त्याच निळ्यावर पिवळी चकाकणारी पूड लावून पांढरा दिवा आला. पूड तर त्या कंपनीच्या घरचीच होती.

इथे क्षणभर थांबू. या सगळ्या गोष्टीत शोध लावणारी माणसे भट्टीजवळ उभी आहेत. ज्याने नळी जोडली, त्यानेच निबंध लिहिला. ज्याचा हात भाजला, त्याच्याच डोक्यात कल्पना आली. आमच्या देशात काय झाले? ज्यांना भट्टी कळत होती, धातू कळत होता, कातड्याचा आणि क्षाराचा गुण कळत होता, त्यांना अक्षर शिकायची बंदी. ज्यांना अक्षर मोकळे होते, त्यांना भट्टीला हात लावणे कमीपणाचे. जात ही श्रमिकांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. त्या उतरंडीने कष्टकऱ्यांचे नुकसान केले हे आम्ही रोज बोलतो. तिने या देशाच्या विज्ञानाचेही नुकसान केले, हे मात्र पुरेसे बोलत नाही. पदार्थविज्ञान हे हाताचे काम आहे. स्फटिक श्लोक म्हणून वाढत नाही. आजही कित्येक महाविद्यालयांत विद्यार्थ्याने यंत्राला हात लावू नये, लॅब असिस्टंटने यंत्र चालवावे आणि सरांनी आकडे लिहून घ्यावेत, अशी वाटणी चालते. तो लॅब असिस्टंट कोणत्या समाजाचा असतो आणि निबंधावर त्याचे नाव येते का, हे वाचकांनीच आपापल्या गावच्या कॉलेजात जाऊन पाहावे.

आता हिशेबाकडे येऊ. निळ्या दिव्याने निचिया जगातली मोठी कंपनी झाली. नाकामुरांना महत्त्वाच्या पेटंटबद्दल कंपनीने किती बक्षीस दिले? वीस हजार येन. महिन्याचा किराणाही निघाला नसता. १९९९ च्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि २००० साली ते कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या विद्यापीठात गेले. कंपनीने व्यापारी गुपिते फोडल्याचा आरोप करून त्यांच्यावर अमेरिकेत खटला भरला. मग त्यांनीही २००१ साली टोकियोच्या न्यायालयात आपला वाटा मागितला. ३० जानेवारी २००४ रोजी जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. या शोधातला नाकामुरांचा वाटा निम्मा आणि त्याची किंमत ६,०४० कोटी येन होते. पण त्यांनी मागितले २,००० कोटी, म्हणून तेवढे द्यावेत, असे न्यायालय म्हणाले. जपानच्या उद्योगजगतात भूकंप झाला! नोकराने मालकाकडून इतका पैसा मागावा आणि न्यायालयाने तो द्यावा, हे तिथे कोणी पाहिले नव्हते. कंपनी वरच्या न्यायालयात गेली. तिथे जानेवारी २००५ मध्ये तडजोड झाली आणि नाकामुरांच्या पदरात व्याजासकट सुमारे ८४ कोटी येन पडले. २,००० चे ८४. नाकामुरा पत्रकार परिषदेत संतापले, ते उगाच नव्हे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. पैसा तिने लावला, धोका तिने पत्करला, भट्टीजवळ नाकामुरांचे सहकारीही राबत होते आणि त्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. नाकामुरा स्वतःही आकासाकी-अमानोंचे श्रेय द्यायला फारसे उत्सुक दिसले नाहीत. एकाच माणसाला नायक करण्याची सवय वाईटच. पण वीस हजार येन हे उत्तर कोणत्याही तराजूत बसत नाही. नागोया विद्यापीठाकडे पाहा. आकासाकींच्या पेटंटांची रॉयल्टी विद्यापीठाला मिळाली आणि त्यातून २००६ साली त्यांच्या नावाची संशोधन इमारत उभी राहिली. पैसा पुढच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. वाटणीचा असाही रस्ता असतो.

खटल्यानंतर जपानच्या उद्योगपतींनी काय केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी कायदाच बदलून घेतला. पूर्वी शोधाचा मूळ हक्क शोध लावणाऱ्या नोकराचा असे आणि कंपनीला तो त्याच्याकडून घ्यावा लागे. २०१५ साली झालेल्या आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, कंपनीने तसा नियम आधी करून ठेवला असेल तर हक्क पहिल्या क्षणापासून कंपनीचाच होतो. नोबेल मिळून वर्षही झाले नव्हते. आणि आपल्याकडे? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरी करणाऱ्या संशोधकाला मोबदला देण्याचे कलमच नाही. नेमणुकीच्या कागदावर सही केली की डोक्यातले सगळे मालकाचे. आमची मुले आज पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत मोठ्या संख्येने अभियंते आहेत. त्यांनी आपला करारनामा काढून एकदा शांतपणे वाचावा.

निळ्यावर गोष्ट संपली असे समजू नये. त्याच्या पलीकडे अतिनीलचा प्रदेश आहे आणि तिथे अजून शेत नांगरायचे बाकी आहे. गॅलियम नायट्राइडमध्ये ॲल्युमिनियम मिसळत गेले की ओटा उंच होत जातो आणि प्रकाश ३६५ नॅनोमीटरवरून खाली २०० पर्यंत नेता येतो. हाच पदार्थ उलट वापरला, म्हणजे वीज देऊन प्रकाश घेण्याऐवजी प्रकाश पाडून वीज घेतली, की अतिनील किरण ओळखणारा डिटेक्टर होतो. असिफ खान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९२ साली गॅलियम नायट्राइडचा असा डिटेक्टर करून दाखवला. त्याची खुबी अशी. सूर्याच्या प्रकाशातला सुमारे २८० नॅनोमीटरखालचा भाग ओझोनचा थर वरच्यावर शोषून घेतो, जमिनीवर येऊच देत नाही. म्हणून त्या पट्ट्यात भर दुपारीही अंधार असतो. आगीच्या ज्वाळेतून मात्र तो प्रकाश निघतो. तेव्हा ज्या डिटेक्टरला फक्त २८० च्या खालचेच दिसते, तो भर उन्हात आग ओळखतो, सूर्याने फसत नाही. क्षेपणास्त्राची ज्वाळाही ओळखतो, म्हणून संरक्षण खात्यांचा त्यावर डोळा आहे. साध्या सिलिकॉनला सगळाच उजेड दिसतो, त्याच्यापुढे गाळण्या लावाव्या लागतात. पुण्याच्या आयुकाने आदित्य एल-१ या यानासाठी सूर्याकडे अतिनील डोळ्याने पाहणारी जी दुर्बीण केली, जी २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली, तीत सिलिकॉनचाच सीसीडी आहे आणि त्याच्यापुढे अकरा गाळण्या आहेत.

अतिनील एलईडीचा खरा उपयोग आमच्या वस्त्यांना आहे, तो पाण्यासाठी. २६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जंतूंच्या डीएनएवर घाव घालतो. आजवर त्यासाठी पाऱ्याचे दिवे वापरले गेले. पारा विषारी. जपानच्या मिनामाता गावातल्या कोळ्यांनी त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आणि त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. पाऱ्याऐवजी बोटाच्या पेराएवढा एलईडी, छोट्या सौर पट्टीवर चालणारा, हंड्यापाशी लावता आला तर? आज तो महाग आहे आणि दिलेल्या विजेचा अगदी थोडाच भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. ॲल्युमिनियम वाढले की मॅग्नेशियम पुन्हा काम करीनासे होते. जुनेच दुखणे, जास्त उंचीवर. २००६ साली जपानच्या एनटीटीमधील संशोधकांनी नुसत्या ॲल्युमिनियम नायट्राइडपासून २१० नॅनोमीटरचा एलईडी केला, पण तो कारखान्यात नेण्यासारखा नव्हता. ज्याला हे दुखणे बरे करता येईल त्याच्यासाठी जागा रिकामी आहे. तोवर एक सावधगिरी सांगतो. कोरोनाच्या काळात जांभळा उजेड पाडणारी कितीतरी खेळणी जंतुनाशक म्हणून विकली गेली. जंतू मारणारा २६५ चा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, आणि डोळ्याला व कातडीला तो घातक असतो. जांभळे दिसले म्हणून पैसे देऊ नका.

आणि गॅलियम येते कुठून? त्याची वेगळी खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना जो क्षारद्राव होतो, त्यात ते नावापुरते उतरते. बॉक्साइटच्या दहा लाख भागांत गॅलियम सुमारे पन्नास भाग. जगातल्या कच्च्या गॅलियमपैकी बहुतांश चीन काढतो आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याने निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. लगेच सगळ्या देशांना गॅलियमची आठवण झाली. बॉक्साइट भारतात आहे, मुख्यतः ओडिशात, आदिवासींच्या डोंगरांत. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरही आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नियमगिरीच्या डोंगरात बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. उद्या 'राष्ट्रीय गरजेचे खनिज' म्हणून तोच डोंगर पुन्हा मागितला जाईल. गॅलियम हे उपउत्पादन आहे, आज चालू असलेल्या ॲल्युमिना कारखान्यांच्या द्रावातून ते काढता येते, त्यासाठी नवा डोंगर फोडण्याची गरज नाही, हा मुद्दा आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा.

आता प्रवेशबंदीचे. गॅलियम नायट्राइडचे थर वाढवण्याचे काम भारतातही होते, बंगळुरूच्या आयआयएस्सीत आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. काम उत्तम आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण २०१९ साली केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापक आरक्षणाचा कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात काही संस्था वगळल्या गेल्या. त्या यादीत टाटा संस्था आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र ज्यात येते ती होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. कारण काय, तर या उत्कृष्टतेच्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था! म्हणजे उत्कृष्टता आली की आम्ही नको. डॉक्टरेट नसलेल्या, आडगावच्या कंपनीतल्या नोकराने टोकियो आणि न्यू जर्सीच्या प्रयोगशाळांना मागे टाकले, त्या विषयाच्या प्रयोगशाळेच्या दारावर ही पाटी लावली जाते, याला काय म्हणावे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते तेव्हा वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, त्याशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी मांडणी केली. यंत्राला शिव्या देणाऱ्यांच्या पंगतीत ते कधी बसले नाहीत. २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना सरकार विकत घेत असलेला एलईडी दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, तो घाऊक सरकारी खरेदीमुळे. सार्वजनिक पैसा एकत्र वापरला तर काय होते याचा हा पुरावा आहे. मात्र तो दिवा स्वस्त झाला तरी त्याच्या आतली चकती बहुतेक परदेशातूनच येत राहिली. जोडणी आमची, स्फटिक त्यांचा.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला मोठा वाटा कारखानदारांच्या भांडवली खर्चाला अनुदान म्हणून जातो. हा सार्वजनिक पैसा आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींचाही पैसा आहे. तेव्हा आमच्या खासदारांनी लेखी प्रश्न टाकून चार आकडे मागावेत. या पैशातून किती विद्यापीठांत थर वाढवणारी भट्टी बसली? त्या भट्टीवर हात चालवायला किती विद्यार्थ्यांना पाठ्यवृत्ती मिळाली आणि ती दर महिन्याला वेळेवर मिळाली का? त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती? आणि अनुदान घेणाऱ्या कंपन्यांत शोध लावणाऱ्या नोकराचा वाटा करारात किती टक्के लिहिला आहे? उत्तर आले की ते आम्ही याच स्तंभात छापू. आले नाही, तर प्रश्न पुन्हा छापू.